गाव सोडायचं, पण किती लांब?

(यवतमाळ येथे एकट्या स्त्रियांच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी लेकरं घेऊन बसलेल्या आयांनो,

मला विषय दिलाय ‘स्त्रिया आणि स्थलांतर’. हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसतो. आमच्या केंद्रात मात्र अजून एकही बाई ‘मला स्थलांतर करायचं आहे’ असं म्हणत आलेली नाही. ती येते, पाणी पिते, पदराने तोंड पुसते आणि विचारते, ‘‘बाई, आता मी राहू कुठी?’’ मी बोलणार आहे ते या ‘कुठी’बद्दल. घर सोडावं की नाही यावर आपण चळवळीत पुष्कळ बोललो. पोस्टरं काढली, गाणी म्हटली, पथनाट्यं केली. पण घर सोडलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या गावच्या नळावर बादली घेऊन उभी राहणार, हा प्रश्न आपण तिच्यावरच सोडून दिला. माझ्याकडूनही तेच झालं. त्याचा एक दाखला पुढे देणार आहे.

आधी माझं सांगते, कारण ते तुम्ही नाहीतरी विचारणारच. १९९६ साली दारव्हा तालुक्यातल्या सासरच्या गावाहून मी दोन लेकरं घेऊन निघाले. भाऊ नागपूरला होता. ‘ये’ म्हणाला. वहिनी काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला चांगलं ऐकू आलं. तेव्हा शकुंतला चालू होती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारी ती छोटी गाडी तुमच्यातल्या जुन्या बायांना आठवत असेल. गाडी रमतगमत चालायची, पण तिकीट स्वस्त, म्हणून पाट्या घेतलेल्या भाजीवाल्या आणि माहेरी निघालेल्या पोरी तिच्यातच असायच्या. आता ती बंद पडली. मी यवतमाळला उतरले ते काही ठरवून नाही. धाकट्याला ताप होता, पुढच्या एस.टी.ला पैसे पुरत नव्हते आणि अंधार पडत होता. वाघापूरला एका ओळखीच्या बाईकडे रात्र काढली. त्या एका रात्रीची अठ्ठावीसहून अधिक वर्षं झाली.

म्हणजे मी गाव निवडलं नाही, गावानंच मला धरून ठेवलं. तरी पुढे हिशेब केला तेव्हा कळलं की नकळत बरं झालं. पोटगीचा दावा दारव्ह्याला होता. तारखेला सकाळी निघायचं, तारीख घ्यायची आणि संध्याकाळी परत येऊन चूल पेटवायची, हे जमत होतं. एका दिवसाची रोजी बुडायची, तीन दिवसांची नाही. नागपूरला गेले असते तर चार तारखांनंतर मीच दावा सोडून दिला असता, आणि नवऱ्याच्या वकिलाला तेच हवं होतं.

आता तो दाखला.

काही वर्षांपूर्वी घाटंजी तालुक्यातली एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने विष घेतलं होतं. तीन एकर वावर, दोन पोरी, घरात सासू आणि दीर. दीर रात्री दारू पिऊन दार वाजवायचा. ती घाबरून गेली होती आणि तिच्याहून जास्त घाबरले होते मी. पुण्याजवळ चाकणला तिची मामेबहीण एका कारखान्यात डबे पोचवायची, तिथं काम मिळत होतं. मी म्हटलं, जा. लांब जा, इथं राहूच नको. आम्ही वर्गणी काढून तिला रात्रीच्या गाडीत बसवलं आणि मोठ्या समाधानाने घरी आलो.

पुढच्या तीन वर्षांत काय झालं ते ऐका. माणूस मेला की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज होतो, फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करून टाकतात. ही बाई चाकणला. नोटीस गावच्या घरी आली आणि ती दिराने घेतली. ‘ती बाई घर सोडून गेली, तिचा पत्ता नाही’ असं त्याने सांगितलं, आणि ते सांगायला त्याला आम्हीच जागा करून दिली होती. सातबाऱ्यावर सासूचं नाव लागलं. सासूच्या अंगठ्यावर पुढे काय काय झालं हे सांगायला नको. रेशनकार्डातून तिचं आणि पोरींचं नाव कमी झालं. कळलं तेव्हा तिने उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील केलं. पण प्रत्येक सुनावणीला चाकण ते पुणे, पुणे ते यवतमाळ अख्खी रात्र गाडीत, मग घाटंजी, आणि तसंच परत. दर खेपेला तीन-चार दिवसांचा पगार कापला जायचा. दोनदा ती आली आणि साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, ‘‘बाई, आता वावर गेलं तरी चालते, पण नोकरी गेली तर पोरी काय खातीन?’’

मी तिला वाचवायला लांब पाठवलं आणि त्या लांबीनेच तिचं वावर गेलं. त्या दिराने जे करायचं ते केलंच असतं. पण ती यवतमाळला असती, घाटंजीला नाही तर निदान पांढरकवड्याला असती, तर पंधरा दिवसांच्या आत हरकतीचा कागद तलाठ्याच्या टेबलावर पडला असता. हे मला आज ठाऊक आहे. त्या रात्री मी फक्त तिच्या दिराचा विचार केला, तिच्या सातबाऱ्याचा केला नाही.

अशी ती एकटीच आहे असं समजू नका. २०१८ साली महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत होत्या ती जमीन झालेली नव्हती. आणि या बहुतेक सगळ्या गावात राहणाऱ्या बाया. गाव सोडलेलीची गत काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

म्हणून आता माझ्याकडे कुणी आली की ‘कुठी’च्या आधी मी तिला विचारते, ‘‘तुझं मागे काय राहतंय?’’ पहिल्यांदा सगळ्या म्हणतात, काहीच नाही. मग एकेक निघतं. नवरा वारला असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला लेकरांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा आहे. सासूलाही वाटा आहे, हे लक्षात ठेवा. तिला सरसकट शत्रू करू नका. पुष्कळदा मुलगा तिच्या कह्यात नसतो आणि तीही आपल्यासारखीच घाबरलेली असते. नवरा जिवंत असेल, मारत असेल, टाकून देत असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. घर कुणाच्याही नावावर असो, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तेवढ्याने तिचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. न्यायालय नवऱ्याला दुसऱ्या घराचं भाडं द्यायलाही लावू शकतं. हे भाडं मागायचं असतं हेच आपल्या बायांना माहीत नाही. त्या खोलीचं भाडं स्वतः भरतात आणि पोटगीत फक्त खाण्यापुरते पैसे मागतात. गावातलं घर दोघांच्या नावावर लावायचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. ‘घर दोघांचं’ म्हणून आपण घोषणा दिल्या होत्या. नमुना आठचा उतारा किती जणींनी काढून पाहिला? हात वर करा बरं. पाहा, मोजून सात.

गोंड, कोलाम, परधान, आंध बायांसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण हा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि हे आपल्या शिबिरांत नेहमी राहून जातं. त्यांच्या बाबतीत रूढी पुढे करून बाईला बाजूला सारतात. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना बापाकडच्या जमिनीत समान वाटा दिला. बाईला वगळणारी रूढी सिद्ध झाल्याशिवाय ती गृहीत धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. तो निकाल खिशात ठेवण्यासारखा आहे. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. दावा मंजूर व्हायचा असेल आणि त्या वेळी बाई गावात नसेल, तर दुसरं नाव कोण लावून घेणार?

झरी-जामणीकडच्या कुमारी मातांबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं. बाहेरून आलेले ठेकेदार, त्यांची माणसं कोलाम पोरींना फसवून निघून गेली. मला संताप कशाचा येतो सांगू? तो पुरुष आपल्या गावी आरामात आहे, आणि सल्ले देणारे पोरीला सांगतात की तू गाव सोड, दुसरीकडे नव्याने सुरुवात कर. पोड सोडून ती तालुक्याला आली तर तिची भाषा कोण बोलणार, लेकराला कोण सांभाळणार? ज्यांना पोडातच आधार आहे त्यांना उठवून शहरात आणणं हे काही आपलं काम नव्हे.

पण काही जणींना निघावंच लागतं. जीव वाचवायला निघावं लागतं. दर वेळी कायद्याची पोथी वाचत बसायची सोय नसते. आज रात्रीच निघ, कागद उद्या पाहू, असं मीही सांगितलंय आणि सांगेन. फक्त तो ‘उद्या’ खरंच दुसऱ्या दिवशी यायला हवा. रात्री निघालेल्या बाईने आठवड्याच्या आत तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत आपला नवा पत्ता लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. एवढं एक काम आम्ही चाकणच्या वेळी केलं असतं तर!

तर मग कुठं जायचं?

एक मोठा समज असा, की एकट्या बाईला मोठं शहर बरं. तिथं कुणी विचारत नाही. यात खोटं काही नाही. नागपूर, पुण्याला ‘मालक काय करतात’ हा प्रश्न महिन्यातून एकदा येतो, इथं दिवसातून चारदा येतो. पण कुणी विचारत नाही म्हणजे ताप आला तरी कुणी विचारत नाही. शिवाय भाडं. पगाराचा अर्धा हिस्सा खोलीला गेला तर उरलेल्यात स्वातंत्र्य कितीसं येणार! मी लहान शहराच्या बाजूची आहे, आणि ते काही प्रेमाने नाही. माझा हिशेब एस.टी.चा आहे. सकाळी गावी जाऊन संध्याकाळी परत येता आलं पाहिजे. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हे वर्तुळ थोडं मोठं झालंय. सरकारच्या बाकीच्या घोषणांचं काय व्हायचं ते होवो, पण या एका गोष्टीने किती जणींच्या तारखा चुकायच्या थांबल्या ते मी पाहिलंय.

आता जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे यवतमाळ, सगळ्यांच्या तोंडी तेच येतं. कलेक्टर कचेरी इथं, जिल्हा न्यायालय इथं, वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजचा दवाखाना इथं, मुलांची कॉलेजं इथं. सगळं खरं. पण मी अठ्ठावीसहून अधिक वर्षं इथं राहते, म्हणून वाईटही सांगते. २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा, चापडोह आटले, नळ पंधरा-पंधरा दिवस आले नाहीत, टँकरमागे बाया धावायच्या. जिच्या घरी दुसरं माणूस नाही ती पाण्याला उभी राहिली तर कामाला जाणार कधी? धुणी-भांडी करणाऱ्या दोघींची कामं त्या उन्हाळ्यात सुटली. एकीच्या मालकिणीकडेच पाणी नव्हतं, आणि दुसरी टँकरच्या रांगेमुळे रोज उशिरा पोचायची. त्यामुळे खोली पाहायला गेलात की भाडं दुसऱ्यांदा विचारा, आधी पाणी कधी येतं ते विचारा. आणि संडास कुठे आहे ते स्वतः पाहा. ‘आहे मागे’ म्हणतात त्यावर जाऊ नका. रात्री दहा वाजता तिथपर्यंत चालत जाऊन पाहा.

वाघापूर, लोहारा, उमरसरा, वडगाव, भोसा या यवतमाळच्या कडेच्या वस्त्या पूर्वी वेगळ्या ग्रामपंचायती होत्या, मग नगरपरिषदेत आल्या. खेड्यातून आलेली बाई पहिल्यांदा इथंच टेकते. भाडं कमी, शेजारी आपल्यासारखेच गावाकडचे. लोहाऱ्याला एमआयडीसी आहे. पण गावातल्या कामावर जायचं तर ऑटोचे पैसे धरा. स्वस्त खोली आणि महाग ऑटो मिळून पुष्कळदा गावातल्याच खोलीइतकं होतं. आणि वस्ती म्हटली की जात आलीच. खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दलित मैत्रिणी म्हणतात, पाटीपुऱ्यासारख्या आपल्या वस्तीत खोली लवकर मिळते, रात्री हाक मारली तर चार माणसं येतात. मुसलमान मैत्रिणींचंही तसंच. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला आज रात्री छप्पर पाहिजे तिला मी ‘जातीची वस्ती सोड’ असं व्याख्यान देणार नाही.

आणि यवतमाळ सगळ्यांना जवळ आहे कुठं? जिल्ह्यात सोळा तालुके. वणीच्या बाईला यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर, चंद्रपूर त्याहून कितीतरी जवळ. उमरखेडच्या बाईला नांदेड जवळ. तिला यवतमाळला बोलावणं म्हणजे तिला माहेरापासून तोडणं. वणीत कोळशामुळे रोख पैसा फिरतो. बाहेरून आलेले नोकरदार, ड्रायव्हर, त्यांच्या खानावळी, पोळ्या लाटायचं काम बारा महिने मिळतं. पण त्याच पैशाने खोल्यांची भाडीही चढतात, आणि धुळीने लेकरांचा खोकला जात नाही. पुसदला शाळा-कॉलेजं चांगली. मुलगी आठवी-नववीत असेल तर मी पुसद सुचवते. पांढरकवडा हमरस्त्यावर आहे, जिनिंग आहे, पण जिनिंगचं काम कापसाच्या हंगामापुरतं. दिवाळीनंतर सुरू होतं आणि उन्हाळा लागला की संपतं. पावसाळ्यात काय खायचं हे आधी ठरवल्याशिवाय जिनिंगच्या भरवशावर कुणी गाव सोडू नका. घाटंजी, राळेगाव, मारेगाव ही ठिकाणं लहान. इथं काम कमी, पण वावरात निंदण-वेचणीला जाता येतं, आणि स्वतःच्या वावरावर नजरही राहते. दिग्रस, आर्णी, नेर, दारव्हा यांबद्दल तुमच्यातल्याच जास्त सांगतील.

तालुक्याच्या गावाचा एक मोठा तोटा आहे आणि तो लपवून चालणार नाही. तिथं नवऱ्याचे नातेवाईक बाजाराच्या दिवशी भेटतात. सासरपासून पंधरा किलोमीटरवर राहणं म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी खोलीपर्यंत येणं. ज्या नवऱ्याने जिवे मारायची धमकी दिलीय त्याच्या तालुक्यात राहू नये. तिथं एक तालुका ओलांडावा. किती लांब याचं उत्तर म्हणून एकच एक नाही. माराची भीती लांब ढकलते आणि वावर जवळ ओढतं. दोन्हींतलं कुठलं खरं जड आहे ते त्या बाईलाच ठाऊक असतं. आपण विचारायचं आणि ऐकायचं. चाकणच्या वेळी मी ऐकलं नव्हतं. ती म्हणत होती, ‘‘दीर एकटाच आहे, पिलेला नसला तर भितो.’’ मी तिकडे लक्षच दिलं नाही.

कायद्याचं एक चांगलं सांगते, कारण नुसतं भिववून कसं चालेल? पूर्वी बायांना वाटायचं, आणि वकीलही सांगायचे, की तक्रार सासरच्या गावीच करावी लागते. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई जिथं कायमची किंवा तात्पुरती राहते, किंवा जिथं कामधंदा करते, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. ‘तात्पुरती’ हा शब्द कायद्यातच लिहिलेला आहे. पोटगीचा अर्जही ती राहते तिथं करता येतो. पूर्वीचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, नव्या संहितेत कलम १४४ झालंय, त्यामुळे जुन्या पुस्तकात शोधू नका. आणि छळाची फौजदारी तक्रारही, बाईने जिथं आसरा घेतला तिथल्या पोलिसांना घ्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. ‘तुमच्या हद्दीत जा’ असं ठाण्यावर म्हणाले तर हे सांगायचं. मला १९९६ साली हे कुणी सांगितलं असतं तर दारव्ह्याच्या चकरा निम्म्या झाल्या असत्या. म्हणून नव्या गावी राहतो याचा पुरावा पहिल्या महिन्यातच तयार करा. भाड्याची पावती, लेकराच्या शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, काहीही. रेशन आता कुठल्याही दुकानातून उचलता येतं, कार्डावर नाव मात्र टिकलं पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डावर घरातली मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते. गावच्या कार्डावरून नाव कमी करायला कुणी सांगितलं, तर नवं कार्ड हातात पडल्याशिवाय सही करू नका.

मदतीच्या पैशांचंही सांगते. आत्महत्येच्या प्रकरणात २००६ च्या शासन निर्णयाने जे एक लाख मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. हातातले तीस हजार तेरवी आणि सावकार खातो. ठेव मात्र बाईच्या नावावर असते. गाव बदललं म्हणून ती मोडू नका. दीर म्हणेल मोड, भाऊ म्हणेल मोड, खोलीचा मालक अ‍ॅडव्हान्स मागेल. त्याला महिन्या-महिन्याने द्या.

आता खोली. एकट्या बाईला खोली देत नाहीत, यावर आमच्या वणीच्या मैत्रिणींनी काढलेली तोड मला आवडली. तिघी जणी, तिघींची पाच लेकरं, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. घरमालकिणीने विचारलं, ‘‘तुम्ही एकमेकींच्या कोण?’’ त्यांनी सांगितलं, जावा आहोत. मला प्रथम हसू आलं, मग राग आला, की खोटं नातं सांगितल्याशिवाय तीन बायांना छप्पर मिळू नये! पण दोन वर्षं झाली. एक पहाटेच्या पोळ्यांना जाते, एक दुपारी शिलाई करते, एक संध्याकाळी दवाखान्यात आयाचं काम करते. लेकरांजवळ कायम कुणीतरी मोठं माणूस असतं. भांडणंही होतात. तेलाच्या डब्यावरून महिनाभर अबोला होता. पण भाडं एकीवर पडत नाही, आणि कुणाचा नवरा दाराशी आला तर तीन बाया बाहेर येतात. मालकिणीला आता खरं कळलंय. तिने भाडं वाढवलं नाही, एवढं पुरे.

न निघालेल्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर वाटेल की शहाण्या बायांनी गाव सोडायचंच असतं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे तुम्हाला माहीत आहेत. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते या शेतकऱ्याच्या विधवेने. त्याच वर्षी त्या लोकसभेलाही उभ्या राहिल्या. नवरा गेल्यावर ही बाई पुण्या-मुंबईला गेली नव्हती. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण गावात राहून उभं राहणं हीही एक वाट आहे. आमच्याकडची एक म्हातारी तर मला रागावूनच म्हणाली होती, ‘‘मी काऊन जाऊ वं? घर माह्यं हाय. त्याले सांग ना जायले.’’ आपण नवऱ्याला जायला सांगतच नाही, हे तिने बरोबर धरलं. न्यायालय त्यालाही घराबाहेर काढू शकतं, तशी तरतूद त्याच २००५ च्या कायद्यात आहे. मी इतक्या वर्षांत तसा अर्ज दोनदाच केला. एकदा मिळालं.

शेवटी परवाची गोष्ट. महागाव तालुक्यातली एक मुलगी आली, वय असेल सव्वीस-सत्तावीस, कडेवर पोरगा. तिच्यापुढे दोन ठिकाणं होती. पुसदला आत्या आणि यवतमाळला आम्ही. आम्ही कागद घेऊन बसलो. एकीकडे पुसद, एकीकडे यवतमाळ. भाडं, पाणी, काम, बालवाडी, गावाची एस.टी. किती वाजता, शेवटची किती वाजता. मला मनातून वाटत होतं तिने यवतमाळला यावं. आमच्या डोळ्यांसमोर राहील, शिलाईचं काम देता येईल. कागद भरून झाला तर यवतमाळचीच बाजू जड दिसत होती. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘पुसदले जातो, बाई. आत्या बोलते लय, पण पोराले घेते.’’ पोराला कोण घेणार हा रकाना आमच्या कागदात नव्हताच. आता घातलाय.

तो कागद छापून आणलाय. चहा झाला की दाराजवळच्या टेबलावर मिळेल. वणीच्या दोघी आल्या आहेत, पुसदच्या चौघी आहेत, उमरखेडची एक आहे. ज्यांना त्या गावची चौकशी करायची असेल त्यांनी त्यांच्याजवळ जाऊन बसा. उमरखेडची गाडी साडेतीनला आहे, तिला आधी मोकळं करा.